चार भिंतींतला यंत्रमानव



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा व्यासपीठांवर अध्यात्मापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय येऊन गेले आहेत. त्या मानाने आमचा विषय फारच लहान. शाळेतली मुले चाकांवर चालणारी यंत्रे तयार करतात, ती पालकांना आणि पाहुण्यांना दाखवतात, आणि हे दाखवणे एका लहानशा खोलीत कोणाला इजा न होता कसे पार पाडावे, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे. विषय लहान असला तरी त्यापायी एका शाळेतले कपाट वर्षभर कुलूपबंद राहिलेले आम्ही पाहिले आहे. ते कुलूप आमच्या मनातून जात नाही, म्हणून हे बोलण्याचे धाडस केले.

आम्ही म्हणजे चार-पाच शिक्षक. कोणी विज्ञान शिकवतो, कोणी गणित, आणि आमच्यातला एकजण मास्तर होण्यापूर्वी कारखान्यात फिटर होता. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी आम्ही शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील शाळांत आमची पत्र्याची पेटी घेऊन जातो. शहापूर तालुक्याची ओळख आपणांस असेलच. मुंबईच्या नळांना पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय तिथलेच. मुरबाड म्हणजे माळशेज घाटाच्या पायथ्याचा मुलूख. शहापूरला जायचे तर आसनगावपर्यंत लोकल तरी आहे, मुरबाडला मात्र कल्याणहून एस.टी.नेच जावे लागते. या एस.टी.चा आणि आमच्या विषयाचा संबंध आहे, तो पुढे येईल.

आम्ही 'यंत्रमानव' हा जुना शब्द वापरतो, मुले 'रोबो' म्हणतात. चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून 'रोबो' हा शब्द जगभर पसरला, आणि त्याचे मूळ ज्या चेक शब्दात आहे त्याचा अर्थ वेठ. ठाणे जिल्ह्यात वेठीचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. १९४५ साली त्यावेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात वारली बांधवांनी वेठीविरुद्ध उठाव केला, गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. वेठबिगारीला कायद्याने बंदी झाली १९७६ साली. ज्या घरांतल्या जुन्या माणसांनी दुसऱ्याच्या शेतावर मुकाट राबून आयुष्य काढले, त्या घरांतली नातवंडे आज आश्रमशाळेच्या वर्गात बसून एका यंत्राला 'चल' आणि 'थांब' सांगतात. हे पाहिले की आम्हांला जे वाटते ते बोलून दाखवणे अवघड आहे. त्यातही 'थांब' हा शब्द आम्हांला अधिक मोलाचा वाटतो, आणि आजचे सारे बोलणे त्या एका शब्दाभोवतीच आहे.

२०१६ सालापासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे देशभरातील हजारो शाळांत अशी साधने आली. निवडलेल्या शाळेला प्रयोगशाळा उभारण्यासाठी दहा लाख आणि पुढील पाच वर्षांच्या खर्चासाठी दहा लाख रुपये अशी ती रचना होती. ज्या शाळांना ही प्रयोगशाळा मिळाली नाही तिथे देणगीदारांच्या पेट्या पोहोचल्या, किंवा एखाद्या उत्साही मास्तरांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पदरमोड करून मोटरी आणि चाके आणली. साधने आली तरी खोली तीच राहिली. वीस फूट रुंद, वीस फूट लांब, एक दार, दोन खिडक्या आणि खिडक्यांना गज. त्याच खोलीत फळा, त्याच खोलीत शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती, आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्याच खोलीत साठ मुले, पंधरा पालक, सरपंच, केंद्रप्रमुख आणि आमचे यंत्र.

२००८ साली आशियातील देशांची रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली होती. त्या वर्षीचा खेळ आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. तिथे मैदान आखलेले, यंत्राचे वजन मापलेले, प्रेक्षक दूर बसलेले. मोठ्या जागेत अंतर आपोआप मिळते. लहान खोलीत ते एक-एक फूट करून कमवावे लागते.

आता त्या कपाटाची हकीकत. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक आमची होती. वार्षिक प्रदर्शनाचा दिवस होता. आठवीच्या मुलांनी केलेली गाडी मोबाइल फोनवरून ब्लूटूथने चालत असे. गाडीचे वजन सुमारे तीन किलो, त्यातले दोन किलोंहून अधिक बॅटरीचेच. पुढे पत्र्याचा आडवा पट्टा, ज्याच्या कडा आम्ही घासून घेतल्या नव्हत्या. गाडी सरळ धावत असताना ज्या फोनवरून ती चालत होती, त्याच फोनवर कोणाचा तरी फोन आला. मुलाचा पडद्यावरचा ताबा गेला, जोडणी तुटली. गाडीला मिळालेला शेवटचा हुकूम होता 'पुढे'. ती पुढे गेली. खडूने आखलेली रेघ तिने ओलांडली आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या तिसरीतल्या एका मुलीच्या घोट्याला पत्रा लागला. ग्रामीण रुग्णालयात दोन टाके पडले. मुलगी आठवड्याने हसत शाळेत आली. कपाटाला मात्र त्याच संध्याकाळी कुलूप लागले.

मुख्याध्यापकांना आम्ही दोष देत नाही. पालकांना तोंड त्यांनाच द्यावे लागते. परंतु कुलूप लागताना त्यांनी जे म्हटले ते आम्ही विसरलो नाही. ते म्हणाले, "गुरुजी, कपाटात आहे तोवर कोणाला लागणार तर नाही." खरेच आहे. कपाटातले यंत्र कोणाला लागत नाही. त्या वर्षी आठवीतली जी मुले नववीत गेली, त्यांच्या हाताला मात्र पुन्हा ते यंत्र लागले नाही. शहरातल्या मुलाला शाळेत नाही मिळाले तर शिकवणीत मिळते, घरी वाढदिवसाला मिळते. आमच्या मुलांना कपाटाबाहेर दुसरी जागाच नाही. सुरक्षिततेचा विचार आम्ही करू लागलो तो भीतीपोटी नव्हे. कपाट उघडे राहावे म्हणून.

प्रथम त्या गाडीचे काय चुकले ते पाहू. आपल्यापैकी अनेकजण कसारा लोकलने प्रवास करतात. तिच्या मोटरमनच्या हाताखाली जी मूठ असते ती त्याला सतत दाबून धरावी लागते. त्याला भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. गाडी चालू राहण्यासाठी जागा माणूस लागतो, थांबण्यासाठी कोणीच लागत नाही. आमच्या गाडीत नेमके उलटे होते. चालू राहायला कोणी लागत नव्हते आणि थांबवायला माणूस लागत होता, आणि तो माणूस फोनवरचे नाव वाचत होता. आता आमची मुले यंत्राला पहिला धडा हाच देतात की अर्ध्या सेकंदात नवा हुकूम आला नाही तर थांबायचे. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी चार-पाच ओळी लागतात. आणि फोनचे 'विमान' चिन्ह दाबून मग ब्लूटूथ तेवढे चालू करायचे, म्हणजे फोन येण्याचा प्रश्नच नाही.

पण नुसत्या प्रोग्रॅमवर विसंबून चालत नाही, कारण प्रोग्रॅमही अडकतो. म्हणून बॅटरीच्या धन टोकातून निघणाऱ्या तारेतच एक मोठे लाल बटण बसवतो, यंत्राच्या पाठीवर, सर्वांत उंच जागी. ते दाबले की वीजच तुटते. मग प्रोग्रॅमला काहीही वाटो. कारखान्यांतून पिवळ्या पाठीवर लाल छत्रीसारखे जे बटण असते त्याचेच हे भावंड.

दुसरी गोष्ट वेगाची. मुलांना वेग आवडतो, आणि वेगाने काय होते ते त्यांना उपदेशाने पटत नाही, गणिताने पटते. सात सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर गाडी सेकंदाला सुमारे १ मीटर १० सेंटिमीटर जाते. डोळ्यांनी पाहून, मनात ठरवून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाचा अर्धा सेकंद जातो असे धरा. तेवढ्यात गाडी ५५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट पुढे गेलेली असते. त्यानंतर ती घसरते ती वेगळीच. त्याच चाकाला मिनिटाला १०० फेऱ्यांची मोटर लावली तर हे अंतर १८ सेंटिमीटरांवर येते. आणि वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. आम्ही पोरांना तराजूतले एक किलोचे वजन दाखवतो आणि विचारतो, "हे एक फुटावरून तुझ्या अंगठ्यावर सोडू काय?" कोणी हो म्हणत नाही. मग फळ्यावर मांडून दाखवतो की तीन किलोंची गाडी सेकंदाला १ मीटर ४० सेंटिमीटरांनी येऊन आदळली तर मार जवळजवळ तेवढाच. त्यानंतर शंभर फेऱ्यांची मोटर मुले आपणहून मागतात. फिरती पाती, उडणारे गोळे, पंख्याची विमाने यांना आमच्या खोलीत प्रवेश नाही. महाविद्यालयांतल्या यंत्रांच्या झुंजींची चित्रे मुले फोनवर पाहतात आणि पत्रा कापून पाते लावायला निघतात. तिथे भोवती जाड पारदर्शक भिंती असतात, इथे भोवती पहिलीतली भावंडे असतात, एवढे सांगितले की पुरते.

आता खोलीचे गणित. हे आम्हांला फार उशिरा सुचले, आणि सुचल्यावर आमचीच आम्हांला लाज वाटली. आम्ही यंत्र नेहमी खोलीच्या मधोमध ठेवीत असू, कुस्तीच्या आखाड्यासारखे, आणि भोवती चारी बाजूंनी माणसे. म्हणजे यंत्र कुठेही सुटले तरी माणसांतच जाणार. वीस फुटांची खोली म्हणजे सुमारे सहा मीटर बाय सहा मीटर, छत्तीस चौरस मीटर. दोन मीटर बाय दोन मीटरचे रिंगण मध्ये घेतले आणि त्याभोवती एक-एक मीटर मोकळा सोडला की सोळा चौरस मीटर गेले. उरलेली माणसे चारी भिंतींना चिकटून, आणि दारात गर्दी. तेच रिंगण दारापासून दूरच्या कोपऱ्यात सरकवले तर दोन बाजू भिंतींनी राखल्या जातात, मोकळा पट्टा दोनच बाजूंना लागतो आणि नऊ चौरस मीटरांत काम भागते. बॅटऱ्या आणि हत्यारांच्या टेबलाला तीन. दारापर्यंत एक मीटर रुंदीची वाट मोकळी ठेवायची, तिला सहा. राहिले अठरा. जमिनीवर बसलेली दोन मुले एका चौरस मीटरात नीट मावतात. म्हणजे छत्तीस मुले. साठ असतील तर खेळ दोनदा करायचा. पूर्वी एकदाच करून साठांना कोंबत होतो आणि मागच्या तीस जणांना पुढच्यांची डोकी दिसत होती.

कसारा घाटात दर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. उतारावर एखादी गाडी आवरली नाही तर तिला वळवून चढावर नेऊन थांबवणारे फाटे तिथे बांधलेले आहेत. गाडी सुटणारच नाही असे इंजिनियरांनी मानले नाही. सुटली तर कुठे जाईल एवढे आधी ठरवले. आमचे रिंगण आता तसे आखलेले असते. यंत्राची सरळ धाव नेहमी भिंतीकडे, आणि भिंतीशी भाताचा पेंढा भरलेली दोन बारदाने. माणसांच्या बाजूला खडूची रेघ न आखता बाक आडवे पाडून त्यांची फळी रिंगणाकडे करतो. रेघ माणसाला कळते, चाकाला कळत नाही. टेबलावर मात्र आम्ही कोणतेही चालते यंत्र ठेवीत नाही. ते खाली पडते, आणि पडताना झेलायला जो हात पुढे येतो तो कापतो.

काळ्या पट्टीवरून आपोआप चालणाऱ्या यंत्राची एक गंमत सांगितली पाहिजे. एका शाळेत सकाळी सात वेळा ते बिनचूक चालले. दुपारी पाहुणे आले आणि पट्टी सोडून ते थेट पाहुण्यांच्या खुर्चीखाली शिरले. सगळे हसले, आम्ही घामाघूम झालो. कारण सापडले ते असे, की पट्टी ओळखणारा त्याचा डोळा अवरक्त किरणांवर चालतो आणि दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून पट्टीवर ऊन आले होते. उन्हात अवरक्त किरण भरपूर. यंत्राला सगळीकडे पांढरेच दिसले असणार. तेव्हापासून सराव ज्या वेळी खेळ असेल त्याच वेळी करतो, आणि खिडकीला गोधडी टांगतो.

बॅटरीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण लोक तिला सर्वांत निरुपद्रवी समजतात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण भाजते. मघाशी एस.टी.चा उल्लेख केला तो यासाठी. मुरबाडला जाताना आमच्या पेटीत बारा व्होल्टची शिशाची बॅटरी आणि सुटे पाने एकत्र होते. टोकावड्याच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली, पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला आणि पेटीतून धूर निघाला. कंडक्टरने गाडी थांबवली, आम्ही पेटी रस्त्यावर उतरवली. अशी दोन्ही टोके भिडली की त्या लहानशा बॅटरीतूनही शंभराच्या घरात अँपिअर वाहू शकतात. तार लाल होते. आता प्रवासात दोन्ही टोकांना चिकटपट्टी आणि बॅटरीला वेगळा लाकडी डबा. यंत्रात धन टोकाच्या लगेच पुढे पाच अँपिअरचा फ्यूज. तो एका चहाच्या किमतीत येतो. मुलांच्या हातातली तांब्याची कडी, मुलींच्या धातूच्या बांगड्या काम करताना काढून ठेवायच्या. ओढणी कमरेला बांधायची आणि वेणी पाठीमागे अडकवायची, कारण गिअरच्या मोटरीत गुंतलेली वेणी सोडवताना मुलीच्या डोळ्यांत जे पाणी येते ते एकदा पाहिले की पुरे.

लिथियमच्या सेलची गोष्ट निराळी. हलका आणि ताकदवान म्हणून मुलांना तो हवा असतो. परंतु तो ठेचला, जास्त चार्ज झाला किंवा त्याची टोके भिडली तर पेटू शकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पत्र्याचे छप्पर, एप्रिलचे ऊन आणि कोंदलेली खोली अशा ठिकाणी आम्ही तो वापरीत नाही. शिशाची सीलबंद बॅटरी किंवा निकेलचे सेल यांवर काम भागवतो. यंत्र जड होते आणि सावकाश चालते, तेही बरेच. ज्या शाळेत पेटीबरोबर लिथियमचे सेल आलेच आहेत तिथे एवढे सांगतो की फुगलेला सेल पुन्हा वापरायचा नाही, चार्जिंग खेळाच्या खोलीत करायचे नाही, व्हरांड्यात शहाबादी फरशीवर, कोणी समोर बसलेले असताना करायचे, आणि शेजारी वाळूची बादली. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेला तर रिंगणाच्या आसपासही येऊ देत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि त्याचे काम नीट होत नाही. प्रदर्शन असेल त्याच्या आधी त्यात चार बादल्या पाणी ओतायला शाळेच्या शिपाईमामांना आठवणीने सांगावे लागते.

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलेच पुष्कळ. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले जळून गेली. या दोन्ही ठिकाणी यंत्रमानव नव्हता. कोंदट जागा होती, पेट घेणारे छत होते आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. म्हणून यंत्राच्या आधी आम्ही दार पाहतो. दाराची कडी आतून-बाहेरून काढून ठेवतो, तांदळाची पोती दारापासून हलवतो, आणि दाराजवळ बॅटरीचे टेबल कधीच मांडीत नाही. आग लागलीच तर मुलांनी तिच्याकडे पाठ करून बाहेर पडावे, तिच्या शेजारून नव्हे.

आता थोडे समारंभाविषयी बोलतो. यावर कोणी रागावू नये. प्रदर्शनाचे उद्घाटन म्हटले की निरांजन, कापूर आणि नारळ आलाच. आम्ही स्वतः यंत्राची पूजा करणारी माणसे आहोत. खंडेनवमीला आमच्या पेटीवरही फूल चढते. परंतु सर्किटवर हळदकुंकू वाहिलेले आम्ही पाहिले आहे, नारळाचे पाणी मोटरीत गेलेले पाहिले आहे, आणि काळ्या पट्टीवर काढलेल्या रांगोळीत डोळा चुकून भिरभिरणारे यंत्रही पाहिले आहे. म्हणून पूजेसाठी दाराबाहेर वेगळा पाट मांडतो आणि त्यावर बॅटरी न जोडलेले एक रिकामे यंत्र ठेवतो. देवाला ते चालते असा आमचा अनुभव आहे.

खरी अडचण पुढेच असते. पाहुण्यांना यंत्र जवळून पाहायचे असते. ते बाक ओलांडून आत येतात, वाकतात, शाल लोंबते, फोटो काढणारा त्यांच्या मागून आत शिरतो. त्या क्षणी यंत्र थांबवायचे कोणी? १९७९ च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमधील फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स नावाचा पंचवीस वर्षांचा कामगार सामानाच्या मांडणीवर चढला होता. यंत्राचा हात चालूच होता. तो मागून लागला आणि विल्यम्स गेला. यंत्राच्या हातून मेलेला तो पहिला माणूस मानतात. पुढे कारखान्यांत यंत्राभोवती पिंजरे आले आणि पिंजऱ्याचे दार उघडले की यंत्र थांबेल अशी सोय झाली. आमच्याकडे पिंजरा नाही. आमच्याकडे एक मूल असते. त्याला आम्ही 'थांबवणारा' म्हणतो. यंत्र चालवणारा वेगळा, बोलून समजावणारा वेगळा, आणि थांबवणारा वेगळा. थांबवणाऱ्याने यंत्राकडे पाहायचेच नाही, माणसांच्या पायांकडे पाहायचे. पाऊल आत आले की मोठ्याने 'थांब' म्हणायचे आणि बटण दाबायचे. बॅटरीची पिन काढून ती उंच धरून दाखवल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही, मास्तरांनीही नाही.

हे सांगायला सोपे आहे. ज्या मुलांना मोठ्यांपुढे मान खाली घालून उभे राहायला शिकवले आहे, त्यांनी साहेबांसमोर 'थांब' ओरडायचे, हे किती कठीण असते ते आम्ही सरावात पाहतो. म्हणून सरावात आम्हीच पाहुणे होतो. गळ्यात टॉवेल घालून रिंगणात शिरतो, मुलांवर डाफरतो, "मला ओळखत नाहीस काय?" म्हणतो. सुरुवातीला मुले हसतात, मग लाजतात, आणि चौथ्या-पाचव्या वेळी त्यांचा आवाज निघतो. त्या आवाजासाठी आम्ही जितका वेळ देतो तितका मोटरींसाठी देत नाही.

ज्या कपाटाला कुलूप लागले होते ते वर्षाने उघडले. आम्ही मुख्याध्यापकांकडे यंत्राची रदबदली करायला गेलो नाही. नववीतल्या दोन मुलांना घेऊन गेलो आणि खोलीचा नकाशा पुढे ठेवला. छत्तीस मुलांचा हिशेब, दोन बारदाने, लाल बटण, फ्यूज. त्यांनी तो नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "थांबवणार कोण?" ज्या मुलीच्या घोट्याला टाके पडले होते तिची थोरली बहीण सातवीत होती. मुलांनीच तिचे नाव सुचवले होते. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणचे एक वजनदार गृहस्थ आले होते. गाडी बारदानाकडे निघाली आणि ते खुर्ची उचलून बाकाच्या आत, अगदी पुढे सरकले. ती मुलगी त्यांच्या बुटांकडे पाहत होती. 'थांब' हा शब्द आम्ही शिकवला होता त्यापेक्षा बारीक आवाजात आला, पण आला. गाडी तिथल्या तिथे उभी राहिली. खोली चिडीचूप झाली. तिने पिन काढली, हात वर केला आणि म्हणाली, "काका, खुर्ची मागं घ्या. तोवर चालू नाही करनार." गृहस्थ क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही भिंतीकडे पाहत होतो. मग त्यांनी उठून स्वतःच्या हाताने खुर्ची बाकाच्या मागे नेली आणि बसले. तिने वाकून एकदा सगळ्यांचे पाय पाहिले, पहिल्या रांगेतल्या आपल्या बहिणीचेही, आणि पिन लावली.

 पेटी बाहेर ओटीवर ठेवली आहे. ज्यांना यंत्र पाहावयाचे असेल त्यांनी बाहेर यावे. बॅटरी जोडलेली नाही.